गाडीचा वानप्रस्थाश्रम

मनुष्याच्या आयुष्याचे चार आश्रम आपल्या पूर्वजांनी ठरवून दिले. वाहनांचे आश्रम मात्र कोणत्याही स्मृतिकाराने सांगितलेले नाहीत. तथापि घरात पंधरा-वीस वर्षे राहिलेल्या गाडीकडे पाहू गेल्यास तिलाही उमेदीचा काळ, संसाराचा काळ, आणि पुढे 'आता हिचे करायचे काय?' असा प्रश्न पडण्याचा काळ असतोच, असे दिसून येईल. हा तिसरा काळ तुर्भे येथील आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीस नुकताच प्राप्त झाला, आणि त्यावरून पितापुत्रांत जो वाद उपस्थित झाला त्यात पंच म्हणून आम्हांस ओढण्यात आले. त्या पंचायतीचा वृत्तान्त, आणि त्या निमित्ताने आम्ही केलेले थोडे इतिहासशोधन, वाचकांपुढे ठेवीत आहो.

गाडी २००९ सालची स्कॉर्पिओ. तिने स्नेह्यांच्या घरचे दोन विवाह पाहिले, दरवर्षी गणपतीस कोकणात फेरी केली, घरातील आजारी माणसे इस्पितळात नेली व आणली. २०२४ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुरी झाली. तपासणीत गाडी उतरल्याने आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली खरी. परंतु घरात नवी लहान गाडी आलेली, आणि जुनी दाराशी धूळ खात उभी. सरकारचे जुनी वाहने मोडीत काढण्याविषयीचे धोरण २०२१ साली जाहीर झालेच आहे. तेव्हा तीस रीतसर मोडीत द्यावे, असे वडिलांचे मत. मुलाचे म्हणणे असे की, तिच्यात निजण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय करून तीस दूरच्या व बिकट प्रवासाची गाडी करावी, आणि सह्याद्रीच्या घाटांपासून स्पितीच्या खोऱ्यापर्यंत भटकावे. वडील म्हणाले, "हे गोऱ्या लोकांचे खूळ आहे." मुलगा म्हणाला, "असेना का. चांगले ते घ्यावे." दोघांचे भांडण कडाक्याचे होते, पण एका गोष्टीवर त्यांचे नकळत एकमत होते : ही कल्पना परदेशातून आली. आमचा आक्षेप नेमका त्या एकमतावर होता.

आमच्या लहानपणी खेड्यांतून जी बैलगाडी वर्षभर शेणखत आणि धान्याची पोती वाहत असे, तीच जत्रेच्या आदल्या दिवशी धुऊन काढली जाई. तळाशी कडब्याच्या पेंढ्या, त्यांवर घोंगडी व सतरंजी, वर बांबूच्या कामट्यांचे छत, मागे भाकरीचे गाठोडे, खाली टांगलेली पाण्याची कळशी व कंदील. अशी ती ओझ्याची गाडी एका रात्रीत घर होऊन जाई. जत्रा संपली की छत उतरे आणि गाडी पुन्हा शेतात जाई. नेहमीच्या वाहनाचे प्रवासी वाहन करणे म्हणतात ते याहून निराळे ते काय? आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यात एकही खिळा कायमचा ठोकलेला नसे.

याहूनही मागे गेल्यास बंजाऱ्यांचा तांडा दिसतो. घाटावर व कोकणात चाकाची वाट जवळजवळ नव्हतीच. खंडाळ्याच्या बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना. तत्पूर्वीचा सारा व्यापार बैलांच्या पाठीवरून चाले. मोगलांच्या व दख्खनच्या फौजांस धान्य पुरविणारे हे तांडे बायकामुलांसह, चुलीभांड्यांसह फिरत. त्यांचे घर आणि त्यांची वाट या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

आणि हे सर्व केवळ गतकाळचे आहे असेही नव्हे. आषाढी वारीच्या दिवसांत कोणत्याही दिंडीच्या मागे पाहावे. वर्षभर कांदा, ऊस किंवा सिमेंट वाहणारे मालमोटारीचे धूड त्या पंधरवड्यात दिंडीचे घर झालेले असते. आत तंबूंच्या गुंडाळ्या, वारकऱ्यांच्या वळकट्या, मोठाली पातेली, शेगड्या, आणि जोडीस पाण्याचा टँकर. पंढरपूर आटोपले की ती मोटार पुन्हा बाजारात हजर! तेव्हा, आम्ही त्या पितापुत्रांस सांगितले की, तुमचा वाद देशी-परदेशीचा नाही. तो निराळाच आहे. आणि तो कोणता, हे कळण्यास या गाडीची वंशावळ पाहिली पाहिजे.

ही वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने एका हलक्या, चारही चाकांना जोर असणाऱ्या टेहळणीच्या गाडीसाठी तेथील १३५ कारखानदारांस विचारणा केली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला. पुढे विलिज व फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. हीच जीप. तिचा जन्म युद्धासाठी झाला. तिला दारे नव्हती, सुखासने नव्हती, होता तो हलकेपणा आणि कोठूनही वाट काढण्याचा गुण.

युद्ध संपताना, १९४५ साली, मुंबईत महिंद्र आणि मोहम्मद या नावाची एक पेढी निघाली. जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री, आणि १९५१ साली तेथील गव्हर्नर-जनरलही झाले. इकडे १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे बदलले. तिने विलिजच्या गाड्यांचे सुटे भाग आणवून त्या माझगावास जोडण्यास आरंभ केला. अशा रीतीने रणांगणावरची ही गाडी आपल्याकडे प्रथम कलेक्टर, पोलीस अधिकारी, धरणांवरचे इंजिनियर यांच्या हाती आली. आमच्या पिढीतील पुष्कळांस 'जीप आली' या शब्दांबरोबर गावात पसरणारी ती शांतता अजून आठवत असेल.

नंतरच्या काळात तिचे संसारीकरण झाले. मागे समोरासमोर बाक बसले, वर कापडी छताऐवजी पत्रा आला, दारे आली. १९९४ साली पुण्याच्या टेल्कोने सुमो ही गाडी काढली. तिचे नाव कंपनीचे थोर कर्ते सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आहे, जपानी मल्लांवरून नव्हे, हे फार थोड्या लोकांस ठाऊक असते. मोठ्या कुटुंबाने एकत्र प्रवास करावा यासाठीच जणू ती निर्माण झाली. २००२ साली महिंद्रांच्या नाशिक येथील कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. परदेशी कंपनीच्या नकाशावर विसंबून न राहता येथील इंजिनियरांनी आखलेली म्हणून तिचे विशेष कौतुक झाले. या सर्व गाड्यांच्या पोटात मात्र जीपच्या वंशाची एक खूण कायम राहिली : खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा आणि त्यावर स्वतंत्रपणे बसविलेली बॉडी. ज्यास मिस्त्री लोक चेसिस म्हणतात तो हा सांगाडा वाईट रस्त्याचे हिसके सोसतो. म्हणूनच वीस वर्षांची जुनी गाडीही पुन्हा उभी करता येते.

तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या मुलाने जे योजिले होते ते वस्तुतः काय होते? जी रणात जन्मली, जिला आपण हळूहळू संसारात आणिले, तीस पुन्हा रानात नेणे. गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ, हाच तो क्रम. आणि वानप्रस्थ म्हणजे केवळ वनात राहावयास जाणे नव्हे. जाताना परिग्रह कमी करणे हे त्याचे मर्म. आमच्या मते पितापुत्रांचा खरा वाद येथे होता, आणि तो दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. गाडी ठेवावी की मोडावी हा प्रश्न दुय्यम. तिच्यात काय घालावे आणि काय घालू नये, हा मुख्य.

मुलाची यादी आम्ही पाहिली तेव्हा आमची छाती दडपली. टपावर लोखंडी कॅरियर, त्यावर उघडमीट होणारा तंबू, पुढे पोलादी नळ्यांचे कठडे, मोठे टायर, दोन स्टेपन्या, दुसरी बॅटरी, शीतपेटी, साठ लिटर पाण्याची टाकी, शेगडी, खणांचे कपाट, फावडे, वाळूत चाकाखाली घालावयाच्या फळ्या, टोचनाचा दोर; आणि हे सर्व बसावे म्हणून मागची बाके कायमची काढून टाकावयाची. आम्ही विचारले, "बाबा रे, यात माणसांनी कोठे बसायचे?" तो हसून म्हणाला, "काका, माणसे आम्ही चारच."

काम तुर्भ्यासच व्हावयाचे होते, आणि ते योग्यच होते. ठाण्याच्या खाडीच्या काठी, आगरी-कोळी लोकांची शेते व मिठागरे यांच्या शेजारी वसलेले हे गाव औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीने प्रथम बदलले. १९७० साली सिडकोची स्थापना आणि १९७३ साली खाडीवरचा पूल यांनी ते मुंबईच्या कवेत आले. पुढे १९८० नंतरच्या काळात मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने येथे हलले. जेथे बाजार तेथे मालमोटारी, आणि जेथे मालमोटारी तेथे पाटे बदलणारे, रेडिएटर झाळणारे, गाद्या शिवणारे, वायरिंग करणारे असे सर्व कारागीर आपोआप जमतात. पूर्वी तळावर लोहार, चांभार, सुतार जमत तसेच हे आहे.

ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली ते साताऱ्याकडचे, साठीचे गृहस्थ. त्यांनी यादी शांतपणे ऐकून घेतली, गाडीखाली सरकून बराच वेळ पाहिले, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "साहेब, आधी हिचे दुखणे काढू, दागिने मागाहून घालू." दुखणी पुष्कळ निघाली. पाण्याचे रबरी पाइप आतून चिरलेले, पट्टे कडक झालेले, ब्रेकचे तेल वर्षानुवर्षे न बदललेले, पुढच्या चाकांचे सांधे ढिले. धातू जुना झाला तरी टिकतो, रबर टिकत नाही, हे त्यांचे सूत्र आम्हांस फार आवडले. पैशांचा पहिला मोठा वाटा या न दिसणाऱ्या गोष्टींवर गेला, आणि मुलाचा उत्साह किंचित मावळला.

दुसरा अडथळा कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील कारखानदाराने मूळ दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. बाके कायमची काढली की आसनांची संख्या बदलते, म्हणजे कलमात सापडते. पुढच्या पोलादी कठड्यांविषयी केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीस राज्यांस मनाईची कडक सूचना दिली होती. कारण पायी चालणाऱ्यास ते जीवघेणे ठरतात, आणि टक्करीचा धक्का बेताने सोसण्याची जी योजना गाडीच्या पुढच्या भागात असते तीसही ते बाध आणतात. यादीतील दोन कलमे येथे गळाली. इतर बदलांविषयी परिवहन कार्यालयात आधी विचारूनच पाऊल टाकावे, असे ठरले. शिवाय दिल्लीच्या परिसरात जुन्या डिझेल गाड्यांचे नियम निराळे व वरचेवर बदलणारे असल्याने, उत्तरेस निघण्यापूर्वी ते ताजे पाहून घेणे अवश्य होते.

बाके काढावयाची नाहीत हे कळल्यावर आमच्या स्नेह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते आम्हांस प्रथम समजेना. मागाहून चहा घेताना ते हळूच म्हणाले, "आई शेवटची गावी गेली ती त्या मागच्या बाकावर आडवी होऊन. ते उपटून भंगारात टाकलेले मला बघवले नसते." तेव्हा उमजले की, गाडी मोडीत द्या असे म्हणणारा हा मनुष्य तिच्यावर रागावलेला नव्हता; ती दुसऱ्याच कशाची तरी होऊन आपल्या दारात उभी राहील, याचे त्यास भय वाटत होते. संपूर्ण मोड त्यास सोसण्यासारखी होती, विटंबना नव्हती. वादात मनुष्य जे बोलतो त्याच्या मागे न बोललेले केवढे असते!

आता उरले वजन. तुर्भ्याच्या बाजारापाशी मालमोटारींसाठी वजनकाट्यांची वाण नाही. पहिली जुळवाजुळव तात्पुरती करून, चारही माणसे बसवून, गाडी एका काट्यावर चढविली. कारखान्याने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा ती दीडशे किलोने अधिक भरली! पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो, हा शाळेतला हिशेबसुद्धा यादी करताना कोणी मांडला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळसे ओझे टपावर होते. ओझे जितके उंच तितकी वळणावर गाडी कलंडण्याची भीती अधिक; घाटात ही भीती दुप्पट होते. मुलाने स्वतःच आदल्या आठवड्यात टप भरून पारसिकच्या डोंगराकडे एक फेरी मारली होती, आणि एका वळणावर गाडी अशी डोलली की पत्नीने पुन्हा बसण्याचे नाकारले, ही गोष्ट तेव्हा उघड झाली.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. आम्हांस अशा वेळी इतिहासच सुचतो. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने जड बुणगे बरोबर न घेता फौज इतकी चपळ ठेविली की, निजामास आपला तोफखाना मागे टाकून धावावे लागले, आणि अखेर पाण्यावाचून कोंडून तह करावा लागला. उलट, १७६१ च्या पानिपतात मराठ्यांच्या फौजेबरोबर कुटुंबे, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा केवढा भार होता, आणि अन्न तुटल्यावर तो कसा नडला, हे प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. पानिपताची कारणे अनेक. पण 'बरोबर काय न्यावे' हा प्रश्न रणनीतीचाच भाग आहे, एवढे त्यावरून निश्चित होते.

परदेशची उदाहरणेही हेच सांगतात. १९३१ साली सित्रोएन कंपनीची मोहीम बैरूतहून चीनकडे निघाली; काश्मीरातून गिलगिटच्या वाटेवर तिने थोड्याच गाड्या नेल्या, आणि दरडीने वाट नाहीशी झाली तेथे गाडीचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवरून न्यावे लागले. १९५५-५६ साली ऑक्सफर्ड व केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँडरोव्हर घेऊन लंडनहून सिंगापुरास पोहोचले. सहा महिन्यांच्या वाटेला सहा माणसांस दोन गाड्या पुरल्या. आणि या सर्वांहून आम्हांस जवळचे वाटतात ते १९२३ साली मुंबईहून सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेले सहा पारशी तरुण. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनी सुमारे ४४,००० मैल तुडवून १९२८ साली ती पुरी केली. सायकलीवर माणूस काय नेणार? जे नेले तेवढ्यावर जग फिरले.

हे सर्व आम्ही सांगितले. परंतु मुलाचे मन वळविले ते इतिहासाने नव्हे, काट्याच्या चिठ्ठीने. त्याने यादी घेतली आणि वडिलांच्या हाती पेन्सिल दिली. पितापुत्र एकत्र बसून एकेक वस्तू खोडू लागले, तो आम्ही पाहिलेला त्या पंचायतीतील सर्वांत सुखद देखावा. टपावरचा तंबू गेला. निजण्यास, बाजूची बाके दुमडून वर ठेवता येईल अशी सुटी फळी व गादी आली. साठ लिटरची टाकी गेली. वीस-वीस लिटरचे दोन कॅन आले, वाटेत पुन्हा भरावयाचे. एक स्टेपनी गेली. तिच्या जागी पंक्चरचे सामान व हवा भरण्याचा लहान पंप आला. शीतपेटी गेली, आईने चटण्या व भाजणी देऊ केली. टोचनाचा दोर, फावडे आणि औषधांची पेटी यांस कोणी हात लावला नाही. जे आले ते सर्व सुटे होते. तासाभरात काढून गाडी पुन्हा पूर्ववत व्हावी, असे. ती जत्रेची बैलगाडीच की! पुन्हा काट्यावर चढविली तेव्हा ती मर्यादेच्या आत होती.

उंच प्रदेशाविषयी एक गोष्ट मिस्त्रींनी बजावली. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे निम्मा असतो. इंजिनास तितका श्वास कमी मिळतो. गाडीत हवा दाबून भरणारा टर्बो आहे म्हणून ती चढेल, पण तुर्भ्यास चढते तशी चढणार नाही. तेथे ओझ्याचा प्रत्येक किलो पुन्हा मोजावा लागेल. "आणि इंजिनाआधी माणसांचा श्वास बघा, साहेब," अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

स्पिती पुढच्या उन्हाळ्यावर ठेवून परीक्षेची फेरी जवळची केली. मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून, जुन्नरच्या अंगाने नाणेघाटाच्या माथ्याकडे. आम्हांसही आग्रहाने नेले. घाटघराजवळ एका शेतकऱ्याच्या अंगणात, त्यांच्या परवानगीने, रात्र काढली. गादीवर दोन वृद्ध, बाहेर साध्या राहुटीत तरुण जोडपे. पहाटे माथ्यावर गेलो. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, खाली गुहेतील सातवाहनांचा ब्राह्मी लेख, आणि कोकणात उतरणारी ती फरसबंद अरुंद नाळ. दोन हजार वर्षे या नाळेतून बैल आले, पाठीवर मोजके ओझे घेऊन. त्याहून अधिक या वाटेने कधी चढूच दिले नाही.

आमचे स्नेही बराच वेळ मागे वळून गाडीकडे पाहत होते. ती धुळीने माखली होती, मागचे दार उघडे होते, आणि जुन्या बाकावर सुनेने ओले टॉवेल वाळत घातले होते. ते म्हणाले, "अजून आपलीच दिसते." आम्ही उत्तर दिले नाही. खाली कोकणावर धुके होते, आणि चहाचे आधण उकळत होते.